आवाज आधी जातो

प्रोग्रेसिव्ह बल्बर पाल्सी हा मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, या आजारकुळातला सर्वांत निर्दय प्रकार आहे. हातापायांचे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींच्या आधी त्यात बोलणे, गिळणे, चावणे आणि चेहऱ्याची हालचाल सांभाळणाऱ्या चेतापेशी झिजतात. माणूस चालत असतो, रानात जात असतो, उसाचे बिल आणि सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब चोख करत असतो. पण बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो, घास गालातच फिरत राहतो. काही महिन्यांत त्याचे बोलणे परक्यांना कळेनासे होते, नंतर घरच्यांनाही. बहुतेकांत पुढे हातपाय आणि श्वासाचे स्नायूही धरले जातात. त्या टप्प्यावर या आजाराला अॅमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, म्हणजे एएलएस, म्हणतात, आणि म्हणूनच आजचे तज्ज्ञ प्रोग्रेसिव्ह बल्बर पाल्सीला स्वतंत्र आजार न मानता एएलएसची तोंडा-घशातून झालेली सुरुवात मानतात.

ज्या पेशी मरतात त्यांची जागा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात आहे. त्याच्या सर्वांत खालच्या भागाला लंबमज्जा म्हणतात; डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘बल्ब’ तो हाच. जीभ हलवणारी बारावी मस्तिष्क-चेता इथून निघते. घसा, मऊ टाळू आणि स्वरयंत्र यांचे स्नायू नवव्या आणि दहाव्या चेतेच्या ताब्यात असतात, त्यांचेही केंद्र इथेच आहे. थोडे वर, पॉन्स नावाच्या भागात, जबडा चालवणाऱ्या पाचव्या आणि चेहरा हलवणाऱ्या सातव्या चेतेची केंद्रे आहेत. या पेशींना हुकूम देणाऱ्या वरच्या पेशी मेंदूच्या पृष्ठभागात असतात. खालच्या पेशी मेल्या तर स्नायू ढिला पडतो, वाळतो आणि फडफडतो. वरच्या मेल्या तर स्नायू ताठर आणि मंद होतो. बहुतेक रुग्णांत दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात.

‘करमाळा’ हे नाव सावकाश उच्चारून पाहिले की या पेशींचे काम ध्यानात येते. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला टेकावा लागतो, आणि त्याच क्षणी टाळूने नाकाकडची वाट बंद ठेवावी लागते. ‘र’साठी जिभेचे टोक थरारते. ‘म’साठी ओठ मिटतात, टाळू खाली येते आणि हवा नाकातून सुटते. ‘ळ’साठी टोक मागे वळून वर आपटते. हे सगळे एका सेकंदाच्या आत आणि मनात कसलाही विचार न आणता होते. आजार सुरू झाला की सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाच्या या तालुक्यातल्या रहिवाशाला आपल्या गावाचे नावही नीट सांगता येत नाही. मागे वळणारी जीभ थकते, म्हणून ‘ळ’ सपाट होतो. ट, ठ, ड, ण पुसट होतात. टाळू नाकाची वाट बंद करू शकत नाही, म्हणून ‘ब’चा ‘म’ आणि ‘द’चा ‘न’ होऊ लागतो. ‘बाबा’ अशी हाक ‘मामा’सारखी ऐकू येते. वरच्या पेशींचा ऱ्हास अधिक असेल तर आवाज दाबलेला, घोगरा आणि ओढून आणल्यासारखा येतो. खालच्या पेशींचा अधिक असेल तर तो नाकातला, फुसका आणि हवा गळणारा असतो. सकाळी बोलणे बरे आणि दिवेलागणीला अस्पष्ट, असेही सुरुवातीला घडते.

पॅरिसचा वैद्य ग्यीयोम द्युशेन याने १८६० मध्ये जीभ, मऊ टाळू आणि ओठ यांच्या वाढत जाणाऱ्या लकव्याचे पहिले नेटके वर्णन केले. १८६४ मध्ये वाक्समुथ या जर्मन वैद्याने या अवस्थेला बल्बर पक्षाघात हे नाव दिले. झाँ-मार्तँ शार्को याने १८६९ पासून शवविच्छेदनाच्या आधारे चेतापेशींचा ऱ्हास दाखवत नेला आणि १८७४ मध्ये एएलएस हे नाव रूढ केले. बल्बर पक्षाघात आणि एएलएस हे एकाच आजाराचे दोन चेहरे आहेत, असे देजेरीन याने १८८३ मध्ये मांडले. आजची समजूत मुळात त्याचीच आहे.

गिळणे ही बोलण्याहून अवघड कसरत आहे. एका घोटासाठी पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या ठरलेल्या क्रमाने चालतात. जीभ घास मागे ढकलते, टाळू नाक बंद करते, स्वरयंत्र वर येऊन झाकले जाते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. या क्रमात जरा उशीर झाला तरी अन्न श्वासनलिकेत उतरते. पातळ पदार्थ सर्वांत वेगाने घसरतो, म्हणून पहिला ठसका भाकरीने नव्हे, पाण्याने किंवा चहाने लागतो. घरच्यांचा अंदाज इथेच चुकतो. ‘कोरडे जात नसेल, पाणी प्या’ हा मायेने दिलेला सल्ला या आजारात धोक्याचा आहे. शिवाय माणसाच्या तोंडात दिवसाला एक ते दीड लिटर लाळ तयार होते. निरोगी माणूस ती नकळत गिळत राहतो. या आजारात लाळ वाढत नाही, गिळली जात नाही. म्हणून ती ओठांच्या कोपऱ्यातून गळते. खांद्यावर कायम टॉवेल ठेवणारा माणूस लग्ना-कार्याला जाणे टाळू लागतो, आणि आजाराच्या आधी एकटेपणा येतो.

आरशात पाहणाऱ्याला जीभ वाळत चाललेली दिसते. तिच्या कडांना खाचा पडतात. तोंडात स्थिर ठेवलेल्या जिभेच्या पृष्ठभागाखाली पोत्यात किडे वळवळावेत तशी हालचाल दिसते. ओठ घट्ट मिटत नाहीत, शीळ वाजत नाही, गाल फुगवून हवा धरता येत नाही. हनुवटीवर टिचकी मारली तर जबडा नको इतका उसळतो. आणखी एक लक्षण कुटुंबाला फार दुखावते. हसू आणि रडू यांवरचा लगाम सुटतो. मयताच्या घरी हसू फुटते, किंवा क्षुल्लक गोष्टीने हुंदके येतात आणि थांबत नाहीत. मनात तशी भावना असतेच असे नाही. हे वेड नव्हे किंवा मन खचल्याचे चिन्हही नव्हे. वरच्या पेशींच्या वाटा तुटल्याचा तो परिणाम आहे, आणि त्यावर औषध आहे. सुमारे निम्म्या एएलएस रुग्णांत विचार, शब्दांची निवड किंवा वागणूक यांत कमी-अधिक बदल होतात. दहांतल्या एखाद-दुसऱ्यात फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हा स्वतंत्र मनोऱ्हास आढळतो. बाकीच्यांची बुद्धी शाबूत राहते. स्पर्श, दृष्टी, ऐकणे टिकते; डोळ्यांची हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबाही बहुधा शेवटपर्यंत राहतो. बोलता येत नाही म्हणून समोरच्याला काही कळत नाही, असे धरून त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिसऱ्या माणसासारखे बोलणे ही घरात आणि दवाखान्यात सर्रास होणारी क्रूरता आहे.

जगातल्या बहुतेक पाहण्यांत एएलएसचे नवे रुग्ण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन इतके आढळतात, आणि त्यांतल्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात सुरुवात बोलण्या-गिळण्यापासून होते. ही सुरुवात उतारवयात आणि त्यातही स्त्रियांत अधिक दिसते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती. हे प्रमाण तिला लावले तर जिल्ह्यात वर्षाला चाळीस ते ऐंशीच्या घरात नवे रुग्ण निघतील आणि सुमारे अडीच लाखांच्या करमाळा तालुक्यात दोन ते पाच; त्यांत जिभेपासून सुरुवात झालेला एखादाच. म्हणजे गावातल्या डॉक्टरच्या साऱ्या कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण समोर येतात, आणि त्यातला पहिला ओळखू आला नाही तर त्याला दोष देता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तीस वर्षांतल्या १,१५३ एएलएस रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ होते, पाश्चात्त्य देशांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी कमी, आणि एकूण रुग्ण तिकडच्यापेक्षा अधिक काळ जगलेले दिसले. पण जिभेपासून सुरुवात झालेल्यांचा काळ सगळीकडेच कमी असतो, पहिल्या लक्षणापासून बहुधा दोन ते तीन वर्षे. स्टीफन हॉकिंग यांचे निदान १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले. ते उदाहरण आशेसाठी सांगितले जाते. पण तो अपवादांतला अपवाद आहे आणि त्यावरून कुटुंबाने वेळेचा हिशेब बांधू नये.

कारण वेळ हाच या आजारातला खरा मुद्दा आहे. बरे करणारे औषध नाही, पण ज्या थोड्या गोष्टी करता येतात त्यांतली प्रत्येक ठरावीक मुदतीतच करता येते. आवाज साठवायचा तर तो असताना. पोटात नळी बसवायची तर श्वास बळकट असताना. इच्छा लिहून ठेवायची तर हात सही करत असताना. करमाळ्यापासून सोलापूर सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे, पुणे त्याहून दूर, आणि रेल्वे गाठायची तर आधी जेऊर. अशा ठिकाणी निदान लांबले की मुदती एकेक करून हातच्या जातात.

निदान लांबण्याची वाट ठरलेली असते. जीभ जड झाली की घरचे म्हणतात, ‘वारं गेलं’. पण अंगावरून वारे जाणे, म्हणजे पक्षाघाताचा झटका, मिनिटांत येतो आणि पुढे स्थिर होतो किंवा सुधारतो. महिन्यामहिन्याने वाढत जाणारी बोबडी झटक्याची नसते. दुसरा संशय कर्करोगाचा. तंबाखू-मावा खाणाऱ्या मुलखात गिळायला त्रास म्हणजे घशाची गाठ हे समीकरण रास्तच आहे, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी करायलाच हवी. चूक पुढे होते. दुर्बिणीत काही सापडले नाही की ‘काही नाही, टेन्शन आहे’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते. गाठ नाही आणि बोलणे-गिळणे तरीही खालावते आहे, हीच मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाण्याची खूण आहे. लहान मुलाला बोलणे यावे म्हणून जिभेला वेखंड चाटवण्याची जुनी रीत मोठ्या माणसावर करून पाहिली जाते. तिने गुण येत नाही, आणि महिने जातात. फुगे फुगवण्याचे आणि जिभेला दमवणारे व्यायाम झटक्यानंतर उपयोगी पडतात. या आजारात उरलेल्या स्नायूंना ते फक्त थकवतात.

मेंदूविकारतज्ज्ञाचे पहिले काम एमएनडी ठरवणे नसून, तिच्यासारखे दिसणारे पण उपचार असलेले आजार शोधणे हे असते. त्यातला सर्वांत महत्त्वाचा मायस्थेनिया ग्रेव्हिस. त्यातही आवाज नाकात जातो, चावताना जबडा दमतो, पाणी नाकातून येते. पण त्यात पापण्या झुकतात, एकाची दोन दिसतात, विश्रांतीने फरक पडतो आणि जीभ सहसा फडफडत नाही. चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, आणि गोळ्यांनी व प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी हा आजार पुष्कळ ताब्यात येतो. मराठी वाचकांना तो दोन नावांमुळे परिचित आहे. अमिताभ बच्चन यांना १९८०च्या दशकात तो झाला आणि त्यानंतर त्यांनी दशकानुदशके काम केले. विजय तेंडुलकर अखेरच्या काळात याच आजाराशी झुंजत होते. १९ मे २००८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी आणि चेतेला वारंवार उद्दीपन देऊन केलेली तपासणी यांतून तो ओळखता येतो. थायरॉइडचे विकार, मस्तिष्कस्तंभातली गाठ, स्नायूंचा दाह हेही तपासून बाजूला ठेवावे लागतात. त्यासाठी एमआरआय आणि रक्ततपासण्या. एमएनडीचा पुरावा मुख्यतः ईएमजीत मिळतो. जीभ, हात, पाठ यांत बारीक सुई घालून स्नायूंची विद्युत हालचाल पाहिली जाते, आणि जिथे वरून काही दिसत नाही अशा हातापायांतही ऱ्हास सुरू झाल्याचे कळते. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसते. सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुणे गाठावे लागते.

याच पेशींवर बेतणारे पण वेगळ्या चालीचे काही आजार आहेत, आणि त्यांतला एक तर भारताच्याच नावावर आहे. १९७० मध्ये मीनाक्षीसुंदरम, जगन्नाथन आणि राममूर्ती यांनी मद्रासमध्ये पाहिलेल्या तरुण रुग्णांचे वर्णन केले. विशीच्या आतबाहेर सुरुवात, हातपाय एका बाजूला अधिक वाळलेले, चेहरा आणि जीभ दुबळी, आणि सोबत बहिरेपण. त्याला मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. निम्हान्सने १९७१ ते २००७ या काळात पाहिलेल्या ११६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आहे. हे रुग्ण प्रामुख्याने दक्षिणेतले. आजार संथ असतो आणि अनेक जण दशके जगतात. त्याच्याशी मिळताजुळता ब्राऊन-व्हायालेटो-व्हान लेर हा आनुवंशिक विकार लहान मुलांना होतो. त्यातही बहिरेपण आणि बल्बर लकवा सोबत येतात. २०१० मध्ये त्याचे कारण सापडले: रायबोफ्लेव्हिन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, पेशींत नेणारा वाहक बिघडलेला असतो. हेच जीवनसत्त्व रोजच्या गरजेच्या शेकडो पट मात्रेत दिले की मुले सुधारतात. काहींचा श्वासही परत येतो. म्हणून बहिरेपणासह गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला किंवा तरुणाला जनुकतपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबवून न ठेवता बी-२ सुरू करणे हा आज तज्ज्ञांचा सल्ला आहे. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी एमएनडी बरी होत नाही हे वाक्य हजार वेळा खरे आहे, पण या एका ठिकाणी खोटे आहे, आणि ते ठिकाण ठाऊक असणे एखाद्या मुलाचा जीव वाचवू शकते.

दुसरा संथ नातेवाईक केनेडीचा आजार. तो फक्त पुरुषांत उमटतो, कारण बिघाड एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. तिशी ते पन्नाशीत हनुवटी फडफडू लागते, जीभ मधोमध खाच पडून वाळते, हात कापतात आणि छाती थोडी वाढते. विल्यम केनेडी यांनी १९६८ मध्ये त्याचे वर्णन केले. १९९१ मध्ये जनुक सापडले. आयुष्य जवळपास पूर्ण असते. ज्याला दोन वर्षे सांगितली त्याला प्रत्यक्षात केनेडी असेल तर त्या घराचा सगळा हिशेब बदलतो, म्हणून पुरुष रुग्णात ही साधी रक्तचाचणी वगळू नये. विषाणूही या पेशी मारतात. पोलिओचा बल्बर प्रकार सर्वांत घातक होता. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली, तेव्हा काही रुग्णांत पाठोपाठ पोलिओसारखा लकवा आणि मस्तिष्क-चेतांचा दुबळेपणा आढळला. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांनी त्याचा पाठपुरावा करून एन्टेरोव्हायरस ७० चा हा परिणाम जगापुढे मांडला.

नेहमीच्या एएलएसमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या घरात दुसऱ्या कोणाला आजार नसतो. तो संसर्गाने पसरत नाही. उष्ट्याने, लाळेने, एका ताटात जेवल्याने होत नाही. मरत्या पेशींत टीडीपी-४३ नावाचे प्रथिन केंद्रकाबाहेर साचलेले दिसते, हे २००६ मध्ये कळले. एसओडी-१ हे पहिले जनुक १९९३ मध्ये सापडले आणि सी-९-ओआरएफ-७२ हे २०११ मध्ये. रिलुझोल हे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाले आणि भारतात मिळते. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा; त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढते. गोळी कुटून जिभेवर दिली तर तोंड बधिर होते आणि गिळणे आणखी बिघडते. अशा वेळी पातळ स्वरूप किंवा नळीचा मार्ग डॉक्टरांना विचारावा. एडारावोन जपानने २०१५ मध्ये मंजूर केले. त्याचा लाभ निवडक रुग्णांपुरता दिसला आहे. एसओडी-१ चा दोष असलेल्या थोड्यांसाठी टोफर्सेन २०२३ मध्ये अमेरिकेत आले. याउलट, लाखो रुपये घेऊन मूळपेशी टोचण्याने हा आजार थांबतो असा पुरावा नाही. जमीन गहाण टाकण्यापूर्वी हे वाक्य त्या घरापर्यंत पोचायला हवे. तोच पैसा श्वासाच्या यंत्राला, नळीला आणि घरातल्या मदतनीसाला लागणार असतो.

आहाराचा प्रश्न करमाळ्याच्या ताटातच सोडवावा लागतो. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची सुकी चटणी हे या मुलखाचे वैभव. पण कोरडा चुरा आणि तिखट भुकटी या आजारात घशाला सर्वांत वाईट. भाकरी आमटीत कुस्करून दिली तर प्रश्न सुटला असे वाटते, पण पातळ आमटी आणि जाड तुकडे एकाच घोटात आले की पातळ भाग आधी घसरतो आणि तुकडे मागे राहतात. काला करायचाच तर तो मिक्सरमधून एकजीव व्हायला हवा. ज्वारीची दाट आंबील, घट्ट वरण, गरगटा भात, दाट शिजवलेले हुलग्याचे माडगे आणि कुस्करलेले केळे, ज्याच्या बागा उजनीच्या पाणलोटाकाठी या तालुक्यात भरपूर आहेत, हे सगळे चमच्यावर टिकणारे पदार्थ आहेत. केळ्याने कफ होतो म्हणून ते बंद करणे चुकीचे. घोटभर पाण्याऐवजी दाट केलेले ताक, चहाऐवजी घट्ट खीर. ताठ बसावे, हनुवटी छातीकडे झुकवून गिळावे, जेवताना बोलू नये, समोर टीव्ही नसावा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ नये. वजन घटणे आयुष्य घटवते, म्हणून तूप, शेंगदाण्याचे गुळगुळीत वाटण, दुधाची पावडर यांनी प्रत्येक घास जड करावा. पथ्याच्या नावाखाली तूप-दूध बंद करण्याची जुनी सवय इथे घात करते.

जेवायला पाऊण तासाहून अधिक लागू लागले, वजन दहा टक्के घटले किंवा छातीत वारंवार कफ साठू लागला की पोटावर बारीक छिद्र पाडून जठरात नळी बसवण्याचा विचार करावा. ही पेग नळी दुर्बिणीच्या मदतीने बसवतात. पद्धत १९८० पासूनची आहे. मात्र फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या निम्म्यावर येण्याआधी ती बसवलेली बरी, कारण नंतर भूल आणि आडवे झोपणे धोक्याचे ठरते. नाकातली नळी तात्पुरती ठीक. महिनोन्‌महिने ती घशाला खुपते, लाळ वाढवते आणि माणसाला लोकांत येऊ देत नाही. पोटावरची नळी सदऱ्याखाली झाकली जाते, आणि चवीपुरता घास तोंडाने घेणे तिच्यासोबतही चालू शकते. अनेक घरांत नळीला ‘शेवटची अवस्था’ समजून नकार दिला जातो. खरे तर ती लवकर बसवली तर उरलेले जेवण भीतीविना होते.

श्वासाचा दुबळेपणा आधी रात्री कळतो. झोप तुटते, सकाळी डोके दुखते, आडवे पडवत नाही. त्या वेळी बायपॅप यंत्र मुखवट्यातून श्वासाला आधार देते. जीभ-घसा फार दुबळा झालेल्यांना मुखवटा कमी मानवतो आणि आयुष्य फारसे वाढत नाही, पण झोप आणि आराम मिळू शकतो. नुसत्या ऑक्सिजनने मात्र काम होत नाही. स्नायू थकलेले असताना भरपूर ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. १०८ ची रुग्णवाहिका आली तर हे सांगणारा कागद उशाशी असावा. वस्तीवर राहणाऱ्या घरात विजेचे भारनियमन हाच मोठा शत्रू: यंत्राला इन्व्हर्टर हवा, आणि लाळ-कफ ओढण्यासाठी पायाने चालवायचे सक्शन यंत्र मिळते ते हाताशी असावे. लाळ कमी करण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, ग्लायकोपायरोलेट, जिभेखाली अॅट्रोपिनचे थेंब, आणि लाळग्रंथीत बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन असे उपाय आहेत. घट्ट, चिकट कफ असेल तर हीच औषधे त्रास वाढवतात, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच जुळवावी.

बोलणे जाण्याआधीचे महिने आवाजासाठी वापरायचे असतात. इंग्रजी भाषकांवरच्या अभ्यासात बोलण्याचा वेग मिनिटाला सुमारे १२५ शब्दांखाली आला की पुढचा ऱ्हास वेगाने होतो असे दिसले. मराठीतही वेग मंदावणे हीच पूर्वसूचना आहे. त्या वेळी फोनवर नेहमीची वाक्ये, नातवंडांची नावे, ओवी, हाक, देवाचे नाव त्याच आवाजात साठवून ठेवावे. साध्या अँड्रॉइड फोनवर मराठीत टाइप केलेले वाचून दाखवण्याची सोय आहे. बोटे चालेनाशी झाली तर अक्षरतक्ता. इथे देवनागरीची रचना मोठी सोय करते. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत पाच ओळी आणि प्रत्येकीत पाच अक्षरे. सांगणारा आधी ओळ विचारतो, मग अक्षर, आणि रुग्ण डोळ्यांच्या उघडझापीने होकार देतो. य-र-ल-व आणि ‘ळ’ची वेगळी ओळ, काना-मात्रांची एक ओळ, आणि ‘पाणी’, ‘कूस बदल’, ‘दुखतंय’, ‘पंखा’ असे तयार शब्द. पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढलेला तक्ता महागड्या यंत्राइतकाच चालतो, अट एवढीच की घरातल्या प्रत्येकाने तो शिकायचा. वाचा-उपचारतज्ज्ञ या कामात मदत करतात. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण यांच्या पुनर्वसनाचे काम करते, आणि मुंबई-पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही हे विभाग आहेत.

कायद्याच्या बाजूने २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा उपयोगी पडतो. त्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आणि वाचा-भाषेचे दिव्यांगत्व हे दोन्ही आहेत. एमएनडीचे नाव स्वतंत्र छापलेले नसले तरी या शीर्षकांखाली अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र असले की तहसील कार्यालयातल्या संजय गांधी निराधार योजनेची वाट उघडते. चालता येते आहे तोवरच हे कागद करून घ्यावेत. बोलणारा आणि सही करणारा अर्जदार अंथरुणावरच्यापेक्षा लवकर मार्गी लागतो.

शेवटच्या काळात काय हवे आणि काय नको, हे लिहून ठेवण्याचा हक्कही आहे. जाणीव हरपलेल्या अवस्थेतल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात चाळीसहून अधिक वर्षे उपचार झाले. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निष्क्रिय इच्छामरणाला मर्यादित वाट देऊन पहिले पाऊल टाकले. ९ मार्च २०१८ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. प्रत जपण्यासाठी नगरपरिषद किंवा पंचायतीसारख्या स्थानिक संस्थेने अधिकारी नेमायचा असतो. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये आपले इच्छापत्र जाहीरपणे केले. गळ्याला छिद्र पाडून कायमच्या श्वासयंत्रावर जायचे का, हा या आजारातला सर्वांत मोठा प्रश्न त्यात आधीच सुटू शकतो. यंत्राने आयुष्य वर्षांनी वाढू शकते, पण घरात चोवीस तास जागे माणूस लागते, आणि आजार थांबत नाही. होकार आणि नकार दोन्ही योग्य असू शकतात. अयोग्य एवढेच की तो निर्णय रात्री दोन वाजता, अनोळखी डॉक्टरसमोर, घाबरलेल्या मुलाला एकट्याने घ्यावा लागावा.

मृत्यू बहुधा श्वास उथळ होत जाऊन झोपेत येतो, किंवा न्यूमोनियाने. गुदमरून तडफडत मरण्याची भीती जवळपास प्रत्येक रुग्णाला असते, आणि योग्य काळजी घेतलेल्यांत ते क्वचितच घडते. कमी मात्रेतले मॉर्फिन धाप लागण्याची जाणीव शमवते, लोराझेपामसारखी औषधे घबराट कमी करतात. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले आहे. पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर ते लिहून देतात आणि घरच्यांना द्यायला शिकवतात. त्यांची गाठ निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत, रुग्ण स्वतःच्या तोंडाने बोलू शकत असताना घालून द्यावी.